वसाहतीतील ज्येष्ठांना चालते करताना: मोबाइल, पाऊलमापक आणि शेजाऱ्यांचा गट

बेळगावातील टिळकवाडी, हिंदवाडी, सह्याद्रीनगर, हनुमाननगर अशा भागांत अपार्टमेंट उभी राहत गेली, तशी शहापूर, वडगाव किंवा एखाद्या जुन्या गल्लीत उभा जन्म काढलेली पुष्कळ वडीलधारी मंडळी मुलांच्या सोयीसाठी तेथे राहायला आली. गल्लीत राहताना दुधासाठी कोपऱ्यापर्यंत, भाजीसाठी गणपत गल्लीच्या बाजारापर्यंत, सायंकाळी देवळापर्यंत आणि वाटेत चार ओट्यांवर थांबत परत, असे त्यांचे चालणे न ठरवता होत असे. अपार्टमेंटमध्ये लिफ्ट आहे, दूध दारात येते, भाजीवाला फाटकाशी गाडी लावतो आणि मुले पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीसाठी गेल्यामुळे घरात फार हालचालही उरत नाही. जे चालणे कामाच्या ओघात आपोआप होत होते ते आता मुद्दाम घडवून आणावे लागते, आणि त्यासाठी वसाहतीतील एखाद्या माणसाने पुढाकार घ्यावा लागतो. हा लेख त्या माणसासाठी आहे. त्याला वैद्यकाचे किंवा संगणकाचे शिक्षण असण्याची गरज नाही. रोज पंधरा-वीस मिनिटे देण्याची तयारी आणि शेजाऱ्यांविषयी आस्था मात्र हवी.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. फोनमधला पावलांचा आकडा कोणालाही उठवून चालायला लावत नाही. तो आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेस पडतो आणि "काल दिसला नाहीत, बरे आहे ना?" असे कोणीतरी विचारते, तेव्हा माणूस चप्पल घालून बाहेर पडतो. पुढे सांगितलेली सगळी साधने आपल्याला या विचारपुशीसाठी हवी आहेत.

चालायला लावण्याआधी

ज्यांना गटात घ्यायचे त्यांच्या घरी जाऊन प्रत्येकाशी स्वतंत्र बोलावे. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, अलीकडच्या काळात पडल्याची घटना आणि चालू गोळ्या एवढी माहिती विचारावी व ती आपल्यापाशीच ठेवावी. ही माहिती व्हॉट्सॲप गटावर कधीही टाकू नये. ज्यांच्या छातीत चालताना दडपण येते, ज्यांना उभे राहताच अंधारी येते किंवा जे गेल्या काही महिन्यांत पडले आहेत, त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे आणि "किती आणि कसे चालू?" हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे अंथरुणातून किंवा खुर्चीतून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून सकाळी उठल्यावर काठावर मिनिटभर बसून मगच उभे राहण्याची सवय पहिल्याच भेटीत समजावून द्यावी.

किती पावले, हा प्रश्न

पहिल्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते की दिवसाला १०,००० पावले झालीच पाहिजेत. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याविषयी उत्साह निर्माण झाला आणि १९६५ मध्ये तेथील एका कंपनीने 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मोजयंत्र, या नावाने पाऊलमापक बाजारात आणला. आकडा तेथून जगभर पसरला. उलट २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७,००० स्त्रियांवरील जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांचे मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले आणि सुमारे ७,५०० पावलांच्या पुढे या बाबतीत विशेष फरक पडला नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता, त्यामुळे केवळ चालण्यानेच आयुष्य वाढले असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही जे आजोबा १,५०० पावलांवर आहेत त्यांच्यासमोर १०,००० चा डोंगर उभा करण्यात अर्थ नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मिनिटांत आहे: ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम वेगाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम करावेत. मध्यम वेग ओळखण्याची सोपी खूण अशी की चालता चालता बोलता येते, पण अभंग म्हणता येत नाही. सुदृढ माणसाच्या बाबतीत हा वेग मिनिटाला साधारण १०० पावलांचा असतो.

साधन निवडताना

बहुतेकांकडे स्मार्टफोन असतोच, म्हणून सुरुवात त्यापासून करावी. सॅमसंगच्या फोनमध्ये 'सॅमसंग हेल्थ' आणि आयफोनमध्ये 'हेल्थ' हे ॲप असते; इतर अँड्रॉइड फोनवर 'गूगल फिट' किंवा फोनच्या कंपनीने दिलेले आरोग्याचे ॲप चालते. "चाला आणि पैसे कमवा" असे सांगणारी ॲप कोणाच्याही फोनमध्ये राहू देऊ नयेत. त्यांत जाहिराती फार असतात, नको त्या परवानग्या मागितल्या जातात आणि वयस्कर माणूस चुकून नको तेथे बोट ठेवतो. पावले मोजणाऱ्या ॲपला संपर्कयादी, संदेश किंवा ओटीपी यांची कधीच गरज नसते, हे प्रत्येकाला दोन-दोनदा सांगावे.

फोनच्या आत हालचाल ओळखणारा एक सूक्ष्म संवेदक असतो. पाऊल जमिनीवर टेकताना शरीराला जो ठराविक लयीचा धक्का बसतो, तो ओळखून संवेदक पाऊल मोजतो. म्हणजे फोन अंगावर असेल तरच मोजणी होते, आणि नेमके हेच आपल्याकडे घडत नाही. आमच्या अपार्टमेंटमधील एका काकूंचा फोन कायम देवघराशेजारच्या फळीवर असे. पहिल्या चार दिवसांत त्यांची पावले रोज दोनशेच्या आसपासच दिसली आणि त्या खट्टू झाल्या, कारण पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांचा पाय एका जागी ठरत नाही. लुगड्याला खिसा नाही, ही खरी अडचण होती. मग त्यांनी चोळीतून उरलेल्या जांभळ्या खणाच्या तुकड्याची, वर नाडी ओवलेली लांबट पिशवी शिवली, तिच्यात फोन उभा बसवला आणि ती कमरेला घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा ३,१०० होता. पुढच्या पंधरवड्यात त्यांनी तशाच पाच पिशव्या मैत्रिणींना शिवून दिल्या. धोतर नेसणाऱ्या आणि लेंगा घालणाऱ्या पुरुषांसाठीही ही पिशवी उपयोगी पडते. सदऱ्याच्या सैल खिशात फोन हेलकावे खातो आणि मोजणी बिघडते.

ज्यांना फोनची धास्ती वाटते त्यांच्यासाठी कमरेला चिमट्याने लावायचा साधा पाऊलमापक पुरेसा असतो. मनगटी पट्टा सोयीचा खरा, पण हाताची हालचाल त्याच्या मोजणीचा आधार असल्यामुळे काठी टेकत, वॉकर ढकलत किंवा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणाऱ्यांची पावले त्यात कमी नोंदली जातात. अतिशय सावकाश, पाय घासत चालणाऱ्यांच्या बाबतीत कोणतेच साधन भरवशाचे नसते. अशा मंडळींसाठी पावलांचा नाद सोडावा, घड्याळ लावावे आणि मिनिटे लिहावीत. त्यांची बारा मिनिटे इतरांच्या चार हजार पावलांच्या बरोबरीने वहीत यावीत, कोठेही कमी लेखली जाऊ नयेत.

फोन तयार करणे

हे काम घाईने करू नये; एका वेळी एकाच व्यक्तीबरोबर शांतपणे बसावे. ॲप उघडल्यावर वय, उंची आणि वजन भरावे. 'शारीरिक हालचाल' ओळखण्याची परवानगी द्यावी. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून ही परवानगी वेगळी मागितली जाते आणि ती नाकारली गेली तर मोजणी सुरूच होत नाही. त्यानंतर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचे निर्बंध काढावेत, कारण अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करतात आणि दुपारनंतरची पावले गायब होतात. ॲपचे चिन्ह पहिल्या पडद्यावर ठेवावे, अक्षरांचा आकार वाढवावा आणि शक्य असेल तेथे भाषा मराठी करावी. ज्यांना कन्नड वाचणे सोपे जाते त्यांना कन्नड लावून द्यावी.

मग शंभर पावलांची परीक्षा घ्यावी. ॲपमधील आकडा कागदावर लिहावा, फोन नेहमीच्या जागी ठेवावा आणि कॉरिडॉरमध्ये दोघांनी बरोबर चालत मोठ्याने शंभरपर्यंत मोजावे. काही ॲपांत आकडा थोडा उशिरा बदलतो, म्हणून मिनिटभर थांबून पाहावे. वाढ ९० ते ११० च्या दरम्यान असेल तर साधन ठीक आहे. ६० दिसले तर फोनची जागा बदलून पुन्हा चालावे. ही परीक्षा आज्जा-आज्जींच्या डोळ्यांसमोरच करावी, कारण यंत्र आपली पावले खरोखर मोजते हे स्वतः पाहिल्याशिवाय त्यांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

त्याच बैठकीत फोनच्या आपत्कालीन माहितीत रक्तगट, चालू आजार आणि घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक भरून ठेवावेत, म्हणजे फोन कुलूपबंद असला तरी मदतीला आलेल्या माणसाला ते पाहता येतात.

पहिला आठवडा: नुसती नोंद

पहिले सात दिवस कोणालाही जास्त चालायला सांगू नये. नेहमीसारखे वागावे, रात्री झोपण्यापूर्वी आकडा वहीत लिहावा, एवढेच. काही जण नोंद चालू आहे म्हणून उत्साहाने दुप्पट चालतात. त्यांचे पहिले दोन दिवस सोडून द्यावेत. आठवड्याच्या शेवटी सरासरी काढावी, आणि तो त्या व्यक्तीचा आरंभबिंदू समजावा. येथून पुढे तुलना फक्त या आकड्याशी.

दुसऱ्या आठवड्यापासून रोजच्या सरासरीत ५०० पावलांची भर घालावी. चांगल्या चालणाऱ्याला त्यासाठी पाच मिनिटे आणि सावकाश चालणाऱ्याला आठ-दहा मिनिटे लागतात. ही भर एकदम घालण्याऐवजी जेवणानंतर घातली तर फार सोपी जाते. आपल्याकडची शतपावली हेच करते, आणि जेवणानंतरच्या थोड्या चालण्याने रक्तातील साखरेची चढ कमी राहण्यास मदत होते. त्या पाचशेची सवय झाली, सांधे दुखले नाहीत, झोप नीट लागली, की पुढचे ५०० घ्यावेत; नाहीतर त्याच आकड्यावर आणखी एक आठवडा थांबावे. लक्ष्य ठरवणे मात्र टाळू नये. पाऊलमापकांवरील २६ अभ्यासांचा २००७ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा वापरणाऱ्यांचे चालणे दिवसाला दोन हजारांहून अधिक पावलांनी वाढलेले दिसले आणि ज्यांच्यासमोर ठरलेले लक्ष्य होते त्यांच्यातच ही वाढ ठळक होती.

वाट आणि हवामान

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे उन्हाळ्यातही येथील सकाळ सुसह्य असते. खरी अडचण पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर, त्यातही जुलैत, झड लागली की ज्येष्ठ मंडळी आठवडाभर दाराबाहेर पडत नाहीत आणि दोन महिन्यांत कमावलेली सवय पंधरा दिवसांत मोडते. म्हणून गट मे महिन्यात सुरू झाला तरी पावसाळ्याची वाट आधीच ठरवून ठेवावी. इमारतीचा मधला कॉरिडॉर किंवा छताखालचे पार्किंग टेपने मोजावे. कॉरिडॉर २५ मीटरचा असेल तर वीस येरझाऱ्यांत एक किलोमीटर होतो, आणि येरझारी मोजायला जपमाळ किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेले चिंचोके पुरतात. पार्किंगमध्ये गाड्या मागे घेण्याच्या वेळा टाळाव्यात. गच्ची पावसाळ्यात वर्ज्य समजावी. शेवाळावरून एकदा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर सगळ्या गटाचे चालणे थांबते.

कोरड्या दिवसांत कॅम्प भागातील झाडांखालचे रस्ते, व्हॅक्सिन डेपोचा परिसर, किल्ला तलावाचा काठ असे पर्याय शहरात आहेत. निपाणी, खानापूर, चिकोडीकडे बहुधा शाळेचे मैदान किंवा गावाबाहेरचा सपाट रस्ता मिळतो. फोनच्या नकाशात अंतर मोजण्याची सोय असते, तिने वाट मोजून घ्यावी आणि बसायला बाक किंवा कट्टा कोठे आहे याची खूण करावी. दर तीन-चारशे मीटरवर बसायची जागा असेल, तर गुडघेदुखी असलेली मंडळीही यायला तयार होतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके आणि गारठा असतो, तेव्हा हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी ऊन पडल्यावरच निघावे. रस्त्यावर चालताना कानात इअरफोन नकोत.

गट चालवणे

येथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. गट सुरू केला तेव्हा मी रोज रात्री सर्वांचे आकडे गोळा करून पहिला, दुसरा, तिसरा अशी क्रमवारी गटावर टाकत होतो. दहा दिवस सर्वांना मजा वाटली. मग ७४ वर्षांच्या एका निवृत्त मास्तरांनी पहिला क्रमांक टिकवण्यासाठी सलग तीन दिवस अकरा-बारा हजार पावले केली आणि चौथ्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला. ते महिनाभर घरात बसले. यादीत नेहमी शेवटी येणाऱ्या दोन आज्ज्या काही न बोलता गटातून बाहेर पडल्या. त्यांच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली, पण त्यांतील एक पुन्हा आल्या नाहीत, आणि ते मला आजही लागून राहिले आहे. क्रमवारी त्याच दिवशी बंद केली.

तिच्या जागी आम्ही सर्वांची बेरीज सुरू केली. समजा बारा जण आहेत आणि प्रत्येकाची सरासरी ४,००० पावले आहे. एक पाऊल साधारण ६० सेंटिमीटर धरले तर एकाचे २.४ किलोमीटर आणि सर्वांचे मिळून दिवसाला सुमारे २९ किलोमीटर होतात. या हिशेबाने वसाहत तिसऱ्या दिवशी निपाणी ओलांडते आणि आषाढीच्या आधी दहा दिवस निघाली तर आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर बसल्या गावी पूर्ण करते. ज्यांना आता वारी झेपत नाही अशा माळकरी मंडळींना "आज आपण कोठे पोहोचलो?" हा प्रश्न किती प्रिय होतो, ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. मुक्काम सर्वांनी मिळून निवडावा. आपल्या वसाहतींत मराठी आणि कन्नड बोलणारी, निरनिराळ्या धर्मांची कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. एक महिना पंढरपूर झाले तर पुढच्या महिन्यात सौंदत्ती, गोकाकचा धबधबा किंवा गोवा असे ठरवता येते. या बेरजेत काठी टेकत चाललेली बारा मिनिटेही पावले करून मिळवावीत.

व्हॉट्सॲप गटाचे नियम थोडे ठेवावेत. गटावर फक्त चालण्याविषयीचे संदेश यावेत, शुभेच्छांची चित्रे आणि औषधांचे सल्ले येऊ नयेत. टंकन जड जाते त्यांनी आवाजी संदेश पाठवावा. सूचनाही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत बोलून टाकावी. "उद्या सकाळी साडेसहाला कोण येणार?" यासाठी मतदानाची सोय वापरावी, कारण नुसते बोट ठेवून उत्तर देता येते. एकट्याने लांब जाणाऱ्यांनी घरच्या माणसाला थेट ठिकाण एका तासासाठी पाठवावे. तास संपला की ते आपोआप बंद होते, त्यामुळे कोणी आपल्यावर पाळत ठेवते असे वाटत नाही. आपले आकडे कोणाला दाखवायचे नसतील तर तो त्यांचा अधिकार आहे. त्यांनी केवळ "चाललो" एवढेच कळवले तरी पुरे.

चालताना घ्यायची खबरदारी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. घाम, थरथर, गोंधळलेपण जाणवले तर आधी साखर खावी, मग बसावे. त्यांनी पायांचे तळवे रोज पाहावेत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला झालेली जखम कळत नाही. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, अचानक धाप किंवा बोलण्यात अडखळ यांपैकी काही झाले तर चालत घरी परतण्याचा प्रयत्न न करता जागीच बसावे आणि १०८ वर फोन करावा. मागे सुटणारी पट्ट्याची चप्पल चालण्यासाठी वापरू नये. तोल आणि ताकद यांसाठी आठवड्यातून तीन दिवस, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच-सहा वेळा उठणे-बसणे, एवढ्याने आरंभ करता येतो.

दोन-तीन महिन्यांनंतर

नवलाई ओसरते, आकडे एका जागी थांबतात आणि काही जण फोन पुन्हा फळीवर ठेवतात. आकडा थांबणे हे अपयश समजू नये. २,००० वरून ४,५०० वर येऊन तेथेच टिकलेली आज्जी चांगली चालते आहे. आजारपणानंतर परतणाऱ्याला त्याच्या जुन्या सरासरीच्या निम्म्यापासून पुन्हा सुरू करू द्यावे आणि वहीत नवे पान घ्यावे. महिन्यातून एकदा सर्वांच्या फोनमधील परवानग्या आणि बॅटरीचे सेटिंग तपासावे, कारण फोन अद्ययावत झाल्यावर ते पुष्कळदा पूर्ववत होते.

आणि एखाद्याची नोंद सलग दोन दिवस आली नाही, तर तिसऱ्या दिवशी गटावर विचारू नये. त्यांच्या मजल्यावर जावे, घंटी वाजवावी, आत बसून चहा घ्यावा, आणि निघताना जिन्याच्या तोंडापर्यंत तरी त्यांना आपल्याबरोबर चालत आणावे.